‘आजी, मला परत बोलव’

वाचकाचे पत्र

स. न. वि. वि. मी लातूरला राहते. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते, आता निवृत्त आहे. माझी मुलगी, जावई आणि 13 वर्षांचा नातू गेल्या जुलैत कॅनडाला, टोरांटोजवळच्या ब्रॅम्प्टन शहरात, कायमचे राहायला गेले. नातू इथे सातवीपर्यंत सेमी इंग्रजीत शिकला. वर्गात पहिल्या तिघांत असायचा, शाळेच्या खो-खो संघात होता. तिकडे तो आठवीत आहे. जावई इथे इंजिनिअर होते, सध्या ते एका गोदामात पाळीवर काम करतात. मुलगी फार्मसी शिकलेली आहे. ती दुकानात नोकरी करून तिथल्या परवान्याच्या परीक्षेचा अभ्यास करते.

दिवाळीनंतर नातवाचे फोन रात्री दोन-सव्वादोनला येऊ लागले. तेव्हा तो शाळेतून आलेला असतो आणि घरी कोणी नसते. वर्गात कोणी बोलत नाही म्हणतो, मधल्या सुट्टीत ग्रंथालयात जाऊन बसतो. मी पाठवलेली शेंगदाण्याची चटणी डब्यात होती म्हणून तिथल्या बाईंनी सगळ्यांसमोर डबा बंद करायला लावला. मागच्या आठवड्यात म्हणाला, “आजी, मला परत बोलव. मी तुझ्याजवळ राहून दहावी करतो. आईला सांगू नको, ती रडेल.” आईसमोर मात्र हसतो. मुलीला वाटते तो छान रुळला. मी त्याला हो म्हणू का? मुलीला सांगू का? भावकीतले लोक म्हणतात, लेकरू लहान आहे, आपोआप रमेल.
— एक आजी, लातूर

सल्ला

बाई, सादर नमस्कार.

तुमच्या दोन प्रश्नांपैकी दुसऱ्याचे उत्तर आधी देते, कारण त्याला फार वेळ घालवता येणार नाही. मुलीला सांगायला हवे, परंतु नातवाच्या पाठीमागे नव्हे. त्याने एवढ्या मोठ्या जगात तुमची एकटीची निवड करून हे सांगितले आहे, आणि उद्या आईच्या तोंडून तेच शब्द ऐकले तर तो पुन्हा कोणालाच काही सांगणार नाही. म्हणून पुढच्या फोनवर त्याला सरळ सांगा: “तू बोललास ते बरे केलेस. मी हे आईपासून कायमचे लपवणार नाही, पण तुला न विचारता सांगणारही नाही. तू सांगतोस, मी सांगू, की तिघांनी मिळून बोलायचे?” यांतला कोणता मार्ग घ्यायचा हे त्याला निवडू द्या, आणि येत्या रविवारपर्यंतची मुदत ठरवा. मुदत न ठरवलेली गोष्ट आपल्या घरांमध्ये वर्षानुवर्षे तशीच राहते, हे तुम्हाला मी सांगायला नको.

याला एक अपवाद आहे. त्याला कोणी मारत किंवा धमकावत असेल, त्याचे जेवण-झोप तुटली असेल, ‘मी नसतो तर बरे झाले असते’ अशा अर्थाचे काही तो बोलला, किंवा स्वतःला इजा केल्याची शंका आली, तर रविवारची वाट न पाहता त्याच क्षणी मुलीला फोन करा, तिथे रात्र असली तरी करा. कॅनडात मुलांसाठी ‘किड्स हेल्प फोन’ ही चोवीस तासांची विनामूल्य सेवा आहे, तिचा क्रमांक 1-800-668-6868. जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येत असतील तर तिथून 988 वर फोन किंवा संदेश करता येतो. हे दोन्ही क्रमांक नातवाला आजच कळवून ठेवा. ते कळवताना घाबरवून टाकण्याचे कारण नाही. घरात अग्निशामक दलाचा क्रमांक लिहून ठेवतो त्याच सहजपणे सांगावे. तुमच्या पत्रावरून मला त्याची अवस्था इतकी गंभीर वाटत नाही, तरी खात्री विचारूनच करायची असते.

आता त्याच्या एका वाक्याकडे तुमचे लक्ष वेधते. तो ‘आई रागावेल’ असे म्हणत नाही, ‘ती रडेल’ असे म्हणतो. वडील पाळी करून येतात, आई दिवसभर दुकानात उभी राहून रात्री पुस्तक उघडते, हे तो रोज पाहतो आणि त्यांच्या ओझ्यात आपली भर नको म्हणून हसरा चेहरा करून बसतो. त्यात पुन्हा अशा घरांत एक वाक्य हमखास बोलले जाते: “आम्ही हे सगळे तुझ्यासाठीच तर केले.” ते प्रेमानेच बोललेले असते, पण 13 वर्षांच्या मुलाला त्याचा अर्थ ‘तुला दुःखी होण्याचा हक्क नाही’ असा ऐकू येतो. लातूर सोडताना त्याला कोणी विचारले नव्हते, आणि विचारायचे म्हटले तरी तो काय सांगणार होता? मात्र ज्याचा निर्णय आपण घेतलेला नाही त्याबद्दल कृतज्ञ राहण्याची सक्ती मोठ्या माणसालाही जड जाते. तुमची मुलगी हे वाक्य बोलत असेल तर तिने ते काही महिने तरी बाजूला ठेवावे. त्याच्याशी हसण्या-रडण्याचा हिशेब न मांडता बोलणारे माणूस सध्या तुम्ही एकट्याच आहात, आणि तो तुमच्याकडे येतो त्याचे मोठे कारण हेच असावे.

‘आपोआप रमेल’ हे भावकीचे म्हणणे अर्धे खरे आहे. बहुतेक मुले रमतात, पण आपोआप नव्हे. सेमी इंग्रजीत शिकलेल्या मुलाची अडचण तर विशेष फसवी असते. गणित आणि विज्ञानाचे इंग्रजी शब्द त्याला येतात, पुस्तक वाचले तर कळते, त्यामुळे घरच्यांना आणि शिक्षकांनाही वाटते की भाषेचा प्रश्न मिटलेला आहे. प्रत्यक्षात वर्गातले भराभर बोलणे, एकमेकांच्या वाक्यावर वाक्य टाकणे, आदल्या रात्रीच्या हॉकीच्या सामन्यावरची थट्टा, यांतले काहीच त्याच्या कानाला सवयीचे नाही, आणि उत्तर मनात जुळवेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. मग इथे सर्वांत आधी हात वर करणारा मुलगा तिथे गप्प बसू लागतो. नवी भाषा शिकताना असा ऐकत राहण्याचा काळ अनेक मुलांच्या वाट्याला येतो आणि त्या काळात ती आतून बरेच काही शिकत असतात. टोरांटो विद्यापीठातले शिक्षणतज्ज्ञ जिम कमिन्स यांनी स्थलांतरित मुलांच्या अभ्यासातून दाखवून दिले आहे की रोजच्या बोलण्यापुरती भाषा साधारण दोन वर्षांत येते, परंतु अभ्यासाची, निबंधाची, युक्तिवादाची भाषा तिथल्या समवयस्कांच्या बरोबरीने यायला साधारणपणे पाच ते सात वर्षे लागतात. तुमच्या नातवाला सहा-सात महिनेच झाले आहेत.

आपल्या भागाला हे नवीन नाही. निझामी राजवटीत घरी मराठी बोलणारी आपली आधीची पिढी शाळेत उर्दूतून शिकली, आणि 1948 नंतर शाळेची व कचेरीची भाषा बदलली तेव्हा त्यांतल्या अनेकांना पुन्हा नव्याने बसावे लागले. तुमच्या घरात अशा कोणाच्या आठवणी असतील तर त्या नातवाला अवश्य सांगा. उपदेश म्हणून नव्हे, नुसत्या गोष्टी म्हणून.

दुसरे दुखणे क्रमांकाचे आहे, आणि ते लातूरच्या मुलाला जास्त लागते. ज्या गावाचे नाव शिकवणीच्या पॅटर्नसाठी राज्यभर घेतले जाते, तिथे मूल चौथी-पाचवीपासून स्वतःला क्रमांकाने ओळखू लागते. ब्रॅम्प्टन ज्या प्रांतात आहे त्या ओंटारियोतल्या प्रगतिपत्रकावर वर्गातला क्रमांक नसतोच. आठवीत विषयवार टक्के असतात आणि पत्रकात त्या टक्क्यांच्या आधी जबाबदारी, नीटनेटकेपणा, स्वतंत्रपणे काम करणे, इतरांबरोबर काम करणे, पुढाकार आणि स्वतःवर ताबा अशा सहा गोष्टींची नोंद असते. तुम्ही फोनवर ‘कितवा आलास?’ असे विचारत असाल तर त्याच्यापाशी उत्तरच नाही, आणि उत्तर नाही म्हणजे आपण कुठेच नाही असे त्याला वाटत असणार. त्याऐवजी त्या सहा नोंदींतली एकेक वाचून दाखवायला सांगा. एक शिक्षिका म्हणून तुम्हालाही ते रोचक वाटेल, आणि आजीला समजावून सांगताना त्याला आपण काही जाणतो असे बऱ्याच दिवसांनी वाटेल.

चटणीचा प्रसंग मात्र त्याच्या मनात चुकीच्या जागी जाऊन बसला आहे, तो काढायला हवा. तिकडे काही मुलांना शेंगदाण्याची इतकी तीव्र ॲलर्जी असते की थोड्याशा कणाने श्वास अडकून जीव जाऊ शकतो. ओंटारियोने 2005 साली कायदा करून प्रत्येक शाळा मंडळाला याबाबत धोरण ठेवणे बंधनकारक केले, आणि म्हणून अनेक शाळांत शेंगदाणे आणू देत नाहीत. आपल्याकडच्या स्वयंपाकघरात शेंगदाण्याचा कूट कशात नसतो हे सांगणे कठीण, त्यामुळे आपल्या लोकांच्या हे ध्यानातही येत नाही. बाईंनी डबा बंद करायला लावला तो कोणाच्या तरी जिवाच्या काळजीने. सर्वांसमोर लावला, हे मात्र चांगले झाले नाही. ते त्याला तसेच सांगा, म्हणजे त्याचा अपमान तुम्ही पुसून टाकत आहात असे त्याला वाटणार नाही. पुढे कारळ्याची किंवा जवसाची चटणी पाठवता येईल, पण आधी मुलीने शाळेला विचारून घ्यावे, कारण काही ठिकाणी तिळावरही बंदी असू शकते.

रात्रीच्या फोनांबद्दल थोडे स्पष्ट लिहिते. हिवाळ्यात टोरांटो आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असते, म्हणजे त्याची शाळा सुटते तेव्हा तुमची मध्यरात्र उलटलेली असते. डिसेंबरात तिकडे पाचच्या आत सूर्य मावळतो. बाहेर बर्फ, घरात शांतता, आई-वडील यायला अजून तीन-चार तास, अशा वेळी मराठी आवाज ऐकावासा वाटणे अगदी साहजिक आहे. तरीही ही वेळ तुमच्यासाठी चांगली नाही आणि त्याच्यासाठीही नाही, कारण शाळा सुटल्यानंतरचे तेच दोन तास तिकडच्या मुलांचे खेळाचे आणि ओळखी होण्याचे असतात. तुम्ही फोन बंद करू नका, त्याची वेळ हलवा. तो सकाळी साडेसातला शाळेसाठी तयार होतो तेव्हा तुमच्याकडे संध्याकाळचे सहा वाजलेले असतात. तेव्हा दहा मिनिटे रोज, आणि शनिवार-रविवारी मनसोक्त. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिकडची घड्याळे एक तास पुढे जातील, तेव्हा तुमचे पाच होतील, एवढे लक्षात असू द्या. बदल करताना आठवडाभर आधी सांगा, आणि फारच वाटले तर रात्रीही फोन करायची मुभा ठेवा.

दुपारचे ते रिकामे तास भरण्याचे काम मुली-जावयांचे आहे, आणि इथे खो-खो उपयोगाला येईल. खो-खो त्याच्या शाळेत नसणार, पण त्याच्या पायांतला वेग आणि अचानक दिशा बदलण्याची सवय कुठे गेलेली नाही. ओंटारियोतल्या शाळांत वसंत ऋतूत धावण्या-उड्यांच्या मैदानी स्पर्धांची निवड होते आणि शरदात लांब पल्ल्याच्या धावण्याची. ज्याला बोलता येत नाही त्याला धावता येते, आणि वेगाने धावणाऱ्या मुलाचे नाव वर्गाला विचारून घ्यावेसे वाटते. त्याने शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांना निवड कधी आहे एवढेच विचारावे. ते इंग्रजी वाक्य तुम्ही फोनवर त्याच्याकडून चार वेळा म्हणून घ्या. ब्रॅम्प्टनमध्ये क्रिकेटही पुष्कळ चालते, परंतु तिथे तो आपल्याच भाषांच्या मुलांत राहील अशी भीती घालून त्याला कोणी अडवू नये. पंजाबी किंवा गुजराती मित्र मिळाला तरी तो मित्रच.

मुलीने आणखी एक गोष्ट करायची आहे, ती म्हणजे शाळेत जाऊन भेटणे. आपल्याकडे पालक शाळेत जातात ते तक्रारीसाठी बोलावणे आले म्हणजे, त्यामुळे आपणहून जाण्याचा संकोच वाटतो. ओंटारियोतल्या अनेक शाळांमध्ये नव्याने आलेल्या कुटुंबांना मदत करणारे कार्यकर्ते येतात, त्यांना ‘सेटलमेंट वर्कर’ म्हणतात आणि त्यांची सेवा विनामूल्य असते. इंग्रजी नव्याने शिकणाऱ्या मुलाला जादा वेळ देणे, पाठ सोपा करून देणे, वेगळी शिकवणी लावणे अशा सोयी असतात आणि त्यांची नोंद प्रगतिपत्रकावर होते. ती नोंद म्हणजे कमीपणा, असे जावयांना वाटून ते नको म्हणाले असतील तर त्यांना समजावा. ज्येष्ठ शिक्षिकेचे ते ऐकतील. मधल्या सुट्टीत मुलगा ग्रंथालयात एकटा बसतो, हे वर्गशिक्षकांना माहीत असण्याची शक्यता कमी आहे. ते सांगितले तर एखाद्या मुलाला त्याच्यासोबत जोडून देता येते.

आता पहिला प्रश्न: हो म्हणावे का? सध्या हो म्हणू नका आणि नाहीही म्हणू नका. ‘नाही’ ऐकले की तो दार बंद झाले असे समजेल, आणि ‘हो’ ऐकले की तिथे पाय रोवण्याचा प्रयत्नच सोडून देईल, कारण जिथून जायचेच आहे तिथे ओळखी कशाला करायच्या? शिवाय तो निर्णय तुमचा नाही, त्याच्या आई-वडिलांचा आहे. त्याला सांगा की यावर जूनअखेरीस, शाळेचे वर्ष संपल्यावर, चौघे मिळून बोलू आणि तोवर कोणी ठरवणार नाही. पहिला हिवाळा हा कोणताही मोठा निर्णय घेण्यासाठी वाईट काळ आहे.

जूनमध्ये बोलताना काही गोष्टी समोर ठेवाव्या लागतील. सप्टेंबरात तो नववीत, म्हणजे तिकडच्या माध्यमिक शाळेत जाईल. तिथे अनेक शाळांतली मुले एकत्र येतात आणि पहिल्या दिवशी जवळजवळ सगळेच नवे असतात. आज त्याला जे सर्वांत जड जाते आहे, म्हणजे जमलेल्या घोळक्यात बाहेरून शिरणे, ते तिथे बरेच हलके होईल. उलट तो दहावीसाठी लातूरला आला आणि मग 16 व्या वर्षी परत गेला, तर तिकडच्या माध्यमिक शाळेच्या पदविकेसाठी लागणारे 30 क्रेडिट (विषय पूर्ण केल्याचे श्रेयांक) आणि नव्या भाषेची तीच चढण त्याला अधिक अडनिड्या वयात, आणि विद्यापीठाच्या प्रवेशाच्या तोंडावर, चढावी लागेल. दहावीनंतर ‘आता बारावीही इथेच’ असे वाटू लागले तर कायम रहिवाशाने पाच वर्षांत निदान 730 दिवस कॅनडात राहण्याच्या अटीचे गणित बसणार नाही. लातूरही जसेच्या तसे त्याची वाट पाहत थांबलेले नाही. त्याचे मित्र आता आठवीच्या शिकवण्यांत आहेत. ग्रुपवर त्यांची उत्तरे कमी होत चालली असतील, आणि परत बोलाव या हट्टामागे तीही एक जखम असू शकेल. त्याबद्दल त्याला विचारून पाहा.

हे सगळे मांडूनही जून येईल तेव्हा तो तितकाच खचलेला असेल, तर परतण्याचा विचार खुलेपणाने करावा. परत येणे म्हणजे हरणे, असे घरात कोणी म्हणू नये. मला स्वतःला मात्र तशी वेळ येईल असे वाटत नाही.

तुम्ही आयुष्यभर अशीच मुले हाताळली आहेत. दिवाळीनंतर आई-बापांबरोबर ऊसतोडीला गेलेली आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परतून वर्गात मागे बसलेली मुले तुमच्याही शाळेत असतील. त्यांना पहिल्याच दिवशी सर्वांसमोर प्रश्न विचारायचा नाही, आधी ज्यात ते वाकबगार आहेत असे काम द्यायचे, हे तुम्हाला कोणी शिकवले नसेल तरी येते. नातवाला तेच द्या. त्याला मराठीत लिहायला सांगा: आठवड्याला एक पान, तिथल्या बसबद्दल, बर्फाबद्दल, हवे ते. त्याने इंग्रजी मागे पडेल अशी भीती बाळगू नका. मातृभाषेतली पकड दुसऱ्या भाषेला आधार देते, असेच कमिन्स यांचेही म्हणणे आहे. शुद्धलेखनाच्या चुका दुरुस्त करायचा मोह होईल, तो आवरा.

शेवटी एक पर्याय, जो तुम्ही पत्रात विचारलेला नाही. त्याला बोलावण्याऐवजी तुम्हालाच जाता येईल का? आजी-आजोबांसाठी कॅनडाचा ‘सुपर व्हिसा’ असतो, त्यावर एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येते. पण त्यासाठी मुलीच्या घरचे उत्पन्न ठरावीक मर्यादेइतके आणि तुमचा निदान एक लाख कॅनेडियन डॉलरचा वर्षभराचा आरोग्य विमा असावा लागतो. नव्याने गेलेल्या कुटुंबाला उत्पन्नाची अट पहिल्या वर्षी जड जाऊ शकते. तसे असेल तर साधा भेटीचा व्हिसा घ्यावा, त्यावर सहसा सहा महिने राहू देतात. बोटांचे ठसे देण्यासाठी पुण्याला किंवा मुंबईला एक खेप करावी लागेल, आणि निर्णयाला वेळ लागतो, म्हणून मुलीशी बोलणे झाल्याबरोबर अर्जाला लागा. मे महिन्याच्या सुरुवातीला पोहोचलात तर थंडीचा त्रास बराच कमी झालेला असेल आणि शाळा संपायला अजून सात-आठ आठवडे असतील. तेवढे दिवस तो साडेतीनला घरी येईल तेव्हा दार उघडायला कोणी तरी असेल. तुम्हाला रक्तदाब किंवा मधुमेह असल्यास, तो आधीपासूनचा आजार असूनही विम्यात त्याचा खर्च धरला आहे ना, हे पैसे भरण्यापूर्वी वाचून घ्या.